लेकराला जेडीएम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे नेमकं काय झालंय?

कागदावर "जुव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस" असं लिहिलेलं होतं आणि मला ते धड वाचताही येत नव्हतं. डॉक्टर मॅडम वीसेक मिनिटं समजावून सांगत होत्या, चित्रं काढून दाखवत होत्या, पण माझ्या डोक्यात "आजार दुर्मिळ आहे" एवढंच शिरलं आणि बाकीचं सगळं कानावरून गेलं. पुढच्या अडीच वर्षांत विचारून विचारून, वाचून, परत विचारून जे कळलं ते इथं लिहितेय, कारण त्या रात्री कुणी आपल्या भाषेत एवढं सांगितलं असतं तर निदान थोडी झोप तरी लागली असती. मी डॉक्टर नाही, आई आहे. औषधांबद्दल लिहिलंय ते तुमच्या मुलाचा डोस म्हणून वाचू नका, डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टर काय करतायत आणि का करतायत हे कळायला पाहिजे, कारण हॉस्पिटलमधले दिवस थोडे असतात आणि गोळ्या मात्र वर्षानुवर्षं घरी आपल्यालाच द्यायच्या असतात, आणि ज्या गोळीचं कारण कळलेलं नसतं ती गोळी कुणी ना कुणी मध्येच बंद करतंच.

आधी नाव बघू. डर्मा म्हणजे कातडी, मायो म्हणजे स्नायू, आणि शेवटी आयटिस लागलं की दाह, सूज. टॉन्सिलायटिसमधलं आयटिस तेच हे. जुव्हेनाइल म्हणजे 18 वर्षांच्या आत सुरू झालेला. सगळे शॉर्टमध्ये जेडीएम म्हणतात. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो, मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटीनं किंवा जास्तच दिसतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये झालेल्या मोजणीत दरवर्षी 10 लाख मुलांमागे 2 ते 4 नवीन पेशंट सापडले. तोच आकडा महाराष्ट्राला लावला आणि आपल्याकडं पंधरा वर्षांखालची मुलं ढोबळ 3 कोटी धरली तर वर्षाला 60 ते 120 मुलं होतात. हा माझा वहीवरचा हिशोब आहे, पण त्यावरून एवढं कळतं की तालुक्याच्या डॉक्टरांनी आख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एकही अशी केस बघितलेली नसेल. हे कळल्यावर माझा बराचसा राग शांत झाला.

राग होता, कारण आमचे चार महिने गेले. सुरुवात गालांपासून झाली. दोन्ही गालांवर लालसर जांभळट छटा आली, सगळे म्हणाले ऊन लागलंय, आंब्याचे दिवस आहेत, उष्णता झालीये. मग वरच्या पापण्या जांभळट दिसायला लागल्या, सकाळी किंचित सुजलेल्या. बोटांच्या पेरांवर छोटे छोटे चपटे खरखरीत पुळे आले, कोपरांवर आणि गुडघ्यांवर पण. एक मलम दिलं गेलं, थोडं कमी आलं, परत आलं. आणि त्याच दरम्यान ती "आई उचल ना" म्हणायला लागली. सहा वर्षांची घोडी, आम्हाला वाटलं लाडावलीये. जिना चढताना कठड्याला धरून एक पायरी, मग थांबायची. शाळेचा फ्रॉक डोक्यातून घालताना हात वर जाईनात. एका संध्याकाळी जेवायला मांडी घालून बसलेली, जेवण झालं, ताट सरकवलं आणि उठताना आधी पालथी झाली, मग दोन्ही हात जमिनीवर, मग हात मांड्यांवर टेकत टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहिली. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे लाडाचं नाही गं." आम्ही दुसऱ्या दिवशीच परत दवाखान्यात गेलो.

असं अंगावर हात टेकत उठण्याला गोवर्स साइन म्हणतात. मांड्या, कंबर, खांदे, मान हे धडाजवळचे मोठे स्नायू अशक्त झाले की असं होतं. हातात पेन धरून ती छान चित्रं काढत होती, कारण बोटांचे स्नायू बरे होते, म्हणूनच तर कुणाला खरं वाटत नव्हतं. एक गोष्ट मुद्दाम लिहिते. इंटरनेटवरच्या फोटोंमध्ये हे चट्टे गुलाबी लाल दिसतात कारण ती गोरी मुलं असतात. आपल्या सावळ्या कातडीवर ते जांभळट, तपकिरी, कधी नुसते काळपट दिसतात, आणि बरं होताना तिथं पांढरट डागही राहतात. पापण्यांवरच्या त्या रंगाला हेलिओट्रोप रॅश म्हणतात, हेलिओट्रोप हे जांभळ्या फुलाचं नाव आहे. पेरांवरच्या पुळ्यांना गॉट्रॉन्स पॅप्युल्स. चट्टे आणि अशक्तपणा हे दोन वेगवेगळे आजार समजून दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडं जाणं, इथंच बहुतेकांचा वेळ जातो. आमचाही तिथंच गेला.

आता शरीरात नेमकं काय होतं ते. आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायला असते हे माहितीच आहे. ऑटोइम्यून आजारात ती आपल्याच पेशींवर उलटते. जेडीएममध्ये तिचा मोठा मारा बसतो तो सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांवर, केशवाहिन्यांवर. मॅडमनी विचारलं होतं, शेती आहे का घरी? आहे म्हणलं. मग म्हणाल्या, कालव्याला पाणी भरपूर आहे, पाट चालू आहे, पण शेवटच्या चाऱ्या बुजल्यात, मग टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं? ते मला एका क्षणात कळलं. स्नायूंचे धागे जुडग्या जुडग्यांनी असतात, आणि केशवाहिन्या बंद पडल्या की जुडग्याच्या कडेचे धागे आधी वाळतात, जसा पाणी न पोचल्यावर बांधाकडचा ऊस आधी पिवळा पडतो. स्नायूचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघितला तर अगदी हेच दिसतं, कडेचे धागे बारीक झालेले. कातडीतही तेच, म्हणून चट्टे. आतड्यात झालं तर पोटात, आणि ते धोक्याचं असतं, त्यावर पुढं लिहिते.

दुसरी गोष्ट इंटरफेरॉनची. व्हायरस शरीरात शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात, गावात शत्रू आला म्हणून भोंगा वाजवावा तसं. व्हायरस गेला की भोंगा बंद व्हायला पाहिजे. या मुलांमध्ये तो वाजतच राहतो, त्यामुळं सगळं सैन्य रस्त्यावर, आणि समोर शत्रूच नाही, मग आपलीच घरं. भोंगा पहिल्यांदा का वाजला याचं एकच असं कारण नाही. काही मुलांच्या जीन्समध्ये या आजाराकडं झुकणारी ठेवण असते, त्यावर एखादं इन्फेक्शन किंवा कडक ऊन असं काहीतरी निमित्त होतं. पण आईवडिलांकडून सरळ मुलात उतरणारा हा आजार नाही, एका लेकराला झाला म्हणजे दुसऱ्यालाही होणार असं नाही. संसर्गजन्य तर अजिबात नाही, एका ताटात जेवलं तरी चालतं. आणि गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, कुणाची नजर लागली, यातल्या कशानंही हा होत नाही. हे मी ठामपणे लिहितेय कारण या प्रश्नांनी मी स्वतः कित्येक रात्री रडले आहे आणि बाहेरच्यांचे बोल आईलाच ऐकावे लागतात.

मोठ्या माणसांना डर्मॅटोमायोसायटिस झाला तर डॉक्टर शरीरात कुठं कॅन्सर लपलाय का ते शोधतात. गुगल केलं की हेच पहिलं दिसतं आणि काळीज थांबतं. मुलांच्या आजारात हा संबंध तसा नसतो.

टेस्टबद्दल जरा सविस्तर सांगते कारण गोंधळ तिथंच जास्त होतो. स्नायूंना इजा झाली की त्यांच्यातली एन्झाइम्स रक्तात उतरतात. सीपीके हे मुख्य, शिवाय एलडीएच, अल्डोलेज, आणि एसजीओटी, एसजीपीटी. हे शेवटचे दोन आपण लिव्हरचे म्हणून ओळखतो, पण ते स्नायूंमध्येही असतात! आमच्या रिपोर्टमध्ये ते वाढलेले बघून एका दवाखान्यात कावीळ धरली गेली, तीन आठवडे लिव्हरचं टॉनिक आणि बिनतेलाचं जेवण चाललं. म्हणून मूल अशक्त असेल आणि एसजीओटी वाढलेलं असेल पण बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत वाढतं ते, नॉर्मल असेल तर "डॉक्टर, सीपीके करून बघायचं का?" एवढं विचारा. सीपीके खूप वाढलं की मुलग्यांमध्ये डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचीही शंका घेतात, तो वेगळा, जन्मतः असलेल्या जीनमुळं होणारा आजार आहे, हळूहळू वाढतो आणि त्यात चट्टे नसतात. उलट बाजूही आहे, काही जेडीएमच्या मुलांचं सीपीके नॉर्मल येतं, विशेषतः आजार जुना झालेला असेल तर. त्यामुळं एका आकड्यावर आनंद नको आणि घाबरणंही नको.

मग एमआरआय होतो, मांड्यांचा आणि कमरेचा. सुजलेला स्नायू त्यात पांढरा चमकतो. सहा वर्षांचं मूल त्या खडखडणाऱ्या बोगद्यात हलल्याशिवाय कसं झोपणार, म्हणून बऱ्याचदा झोपेचं औषध देतात, त्यासाठी उपाशी ठेवावं लागतं, तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या. पूर्वी स्नायूचा तुकडा काढून बायोप्सी आणि सुया टोचून ईएमजी हे ठरलेलंच असायचं, आता चट्टे ठळक असतील आणि एमआरआय स्पष्ट असेल तर बऱ्याच मुलांना ते लागत नाही. आमच्या लेकीची बायोप्सी झाली नाही.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली टेस्ट मात्र फुकटातली होती. मॅडमनी तिच्या नखाच्या मुळाशी, जिथं कातडी नखाला चिकटते तिथं, जेलचा एक थेंब टाकला आणि भिंगाच्या छोट्या यंत्रानं बघितलं, मग मलाही बघायला दिलं. आधी माझं बोट, तिथं केसांच्या बारीक पिनांसारख्या लालसर कमानी एका ओळीत, कंगव्याच्या दातांसारख्या. मग तिचं. मध्येच मोकळी जागा, तिथं काहीच नाही, आणि शेजारी दोनतीन फुगलेल्या, फांद्या फुटल्यासारख्या वेड्यावाकड्या. बुजलेल्या चाऱ्या म्हणजे काय ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर मला कुणी "एवढी औषधं कशाला" म्हणलं की ते चित्र समोर येतं.

रक्ताची अजून एक टेस्ट असते, मायोसायटिस प्रोफाइल, म्हणजे अँटीबॉडी कुठल्या जातीची आहे ते बघायचं. त्यावरून आजार कसा वागेल याचा थोडा अंदाज येतो. एनएक्सपी2 असेल तर कातडीखाली कॅल्शियमचे खडे होण्याची शक्यता जास्त, एमडीए5 असेल तर स्नायू फारसे अशक्त नसतात पण फुप्फुसांकडं लक्ष ठेवावं लागतं, टीआयएफ1 गॅमामध्ये कातडीचा त्रास जास्त आणि लांबणारा, एमआय2 मध्ये चट्टे ठळक पण औषधाला बहुतेक चांगला प्रतिसाद. काहींच्यात एकही सापडत नाही, तरी आजार नाही असं नसतं. ही टेस्ट महाग आहे, आणि तिचा रिपोर्ट यायची वाट बघत उपचार थांबवत नाहीत.

आता उपचार. पहिलं काम आग विझवायची, त्यासाठी स्टिरॉइड. आजार जोरात असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन सलाईनमधून, साधारण तीन दिवस, मग तोंडावाटे प्रेडनिसोलोन, मेडिकलमध्ये वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल अशा नावांनी मिळतं ते. स्टिरॉइड शब्द ऐकला की घरात भूकंप होतो, आमच्याकडं तर काकांनी फोन करून "पोरीला स्टिरॉइडवर ठेवू नका, हाडं पोकळ होतात" म्हणून सांगितलं. काकांचं खोटं नाही, साइड इफेक्ट खरेच आहेत. पण स्टिरॉइड येण्याआधीच्या काळात काय होतं ते ऐका: साधारण एक तृतीयांश मुलं दगावायची, एक तृतीयांश कायमची अपंग व्हायची आणि उरलेली बरी व्हायची. आज चांगल्या उपचारात मृत्यूचं प्रमाण शंभरात दोनतीनच्याही खाली आलंय. हा फरक पडला तो स्टिरॉइडनं, आणि नंतर त्याच्या जोडीला आलेल्या दुसऱ्या औषधांनी.

ते जोडीचं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. स्टिरॉइड लवकर काम करतं पण जास्त दिवस जास्त डोसमध्ये देता येत नाही, मेथोट्रेक्सेटला दोनतीन महिने लागतात पण ते लांब पल्ल्याचं आहे. म्हणून दोन्ही एकदम सुरू करतात आणि पहिलं हळूहळू कमी करत नेतात. हे कुणाच्या मनानं नाही, 22 देशांतल्या 139 मुलांवर केलेला अभ्यास 2016 साली लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात आला, त्यात नुसतं स्टिरॉइड दिलेल्या मुलांपेक्षा जोडऔषध दिलेली मुलं चांगली राहिली, आणि जोडीला सायक्लोस्पोरिन दिलं तरी गुण येत होता पण त्रास जास्त होत होता, म्हणून मेथोट्रेक्सेट पुढं राहिलं.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरात भिंतीवर लावा: ते आठवड्यातून एकदाच असतं. रोज नाही. आठवड्यातून एकदा. चुकून रोज दिल्यामुळं जीव गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्यात. आम्ही रविवार ठरवला, कॅलेंडरवर लाल गोल केला, गोळीची पट्टी बाकीच्या औषधांपासून वेगळ्या डब्यात, आणि डबा फक्त मी उघडायची. फॉलिक अॅसिडची गोळी सोबत असते, ती मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करायला, कुठल्या दिवशी द्यायची ते डॉक्टर लिहून देतात. नंतर आम्हाला गोळीऐवजी कातडीखालचं इंजेक्शन दिलं गेलं, ते मीच द्यायला शिकले. त्याचा रंग पिवळा असतो. काही महिन्यांनी असं व्हायला लागलं की रविवारी सकाळी पिवळं वरण दिसलं तरी तिला उमासे यायचे. मला वाटलं नाटक, पण डॉक्टर म्हणाल्या हे कित्येक मुलांचं होतं, मेंदू तो रंग आणि मळमळ जोडून ठेवतो. मग सिरिंजला कागद गुंडाळायला लागले, इंजेक्शन रात्री झोपायच्या वेळी नेलं, उलटीचं औषध अर्धा तास आधी, आणि रविवारी वरणाऐवजी आमटी. बरंच सुधारलं.

एवढ्यानं भागलं नाही तर पुढं आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीचं औषध), हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मायकोफिनोलेट, रिटुक्सिमॅब, आणि अलीकडं तो इंटरफेरॉनचा भोंगा बंद करणारी जॅक इन्हिबिटर जातीची औषधंही आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठरलेल्या वेळी करून घ्यायचीच. आयव्हीआयजी वजनावर असतं, वीस किलोच्या मुलाचा एक डोस लाखाच्या आसपास जाऊ शकतो, त्यामुळं अॅडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा, ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग असतो तिथंही जा. मागायला लाजू नका, मी पहिल्या खेपेला लाजले आणि सोनं मोडलं.

स्टिरॉइडचं घरात काय दिसतं ते आधीच माहिती असू द्या. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, अंगावर लव वाढते, चिडचिड होते, आणि भूक, बापरे! रात्री दोन वाजता उठून भाकरी मागायची, नाही म्हणलं तर हमसून हमसून रडायची. ती भूक औषधाची असते, लेकराचा हावरेपणा नसतो. आम्ही रात्रीसाठी काकडी, ताक, भाजलेले चणे तयार ठेवायला लागलो, पापड लोणचं वेफर्स बंद केले कारण मिठानं सूज आणि बीपी वाढतं. हाडांसाठी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी डॉक्टर देतातच, शिवाय नाचणी, तीळ, दूध. शाळेत तिला "गुब्बू" म्हणायला लागले तेव्हा मी वर्गात जाऊन बाईंच्या परवानगीनं मुलांना पाच मिनिटं सांगितलं की हिच्या गोळीमुळं गाल मोठे दिसतात, गोळी कमी झाली की गाल कमी होतील. मुलांना कळलं, मोठ्यांपेक्षा पटकन कळलं. आणि खरंच कमी झाले.

पण गाल बघवत नाहीत म्हणून गोळी मनानं बंद करू नका, कधीच नका. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून गोळी मिळायला लागली की त्या झोपी जातात. गोळी एकदम थांबली तर त्या लगेच उठत नाहीत, आणि मूल बीपी पडून, उलट्या होऊन गंभीर होऊ शकतं. म्हणून डोस पायरी पायरीनं उतरवतात. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर तेही त्याच दिवशी कळवायचं.

लसींचं अजून एक. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत, म्हणजे गोवर रुबेला, कांजिण्या, आणि पोलिओचे तोंडातले थेंबही! पल्स पोलिओला ताई दारात येतात, नाही म्हणलं की वाद होतो, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या आणि घरात दुसरं लहान मूल असेल तर त्याच्या थेंबांचंही विचारून घ्या. फ्लूसारख्या निर्जीव लसी उलट द्यायच्या असतात. आणि वर्गात कुणाला कांजिण्या झाल्याचं कळलं तर अंगावर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण लवकर कळवलं तर आधीच औषध देता येतं.

ऊन हा या आजाराचा वैरी आहे. उन्हानं कातडीचे चट्टे तर वाढतातच, आतला आजारही उसळू शकतो. त्यामुळं पूर्ण बाह्यांचे कपडे, मोठ्या काठाची टोपी, छत्री, आणि सनस्क्रीन, ढगाळ दिवशीसुद्धा. शाळेला पत्र दिलं की प्रार्थनेला ती व्हरांड्यात उभी राहील आणि पीटी सकाळच्या तासाला असेल तरच करेल.

खेळूच नये असं मात्र नाही! पूर्वी अशा मुलांना झोपवून ठेवायचे, आता व्यायाम हाच उपचाराचा भाग धरतात, कारण नुसतं झोपून स्नायू अजून वाळतात आणि सांधे आखडतात. फिजिओथेरपिस्ट सीएमएएस नावाची 14 हालचालींची परीक्षा घेतात, 52 पैकी मार्क असतात. त्यातली एक म्हणजे उताणं झोपून डोकं उचलून धरायचं, पूर्ण मार्कांना दोन मिनिटं. पहिल्या दिवशी आमच्या लेकीनं चार सेकंद धरलं, मान थरथरत होती आणि ती छताकडं बघत आकडे मोजत होती. आम्ही घरी रोज संध्याकाळी मोजायचो, नवरा मोबाइलवर वेळ लावायचा, भिंतीवर आकडे लिहायचो. सीपीकेपेक्षा मला त्या भिंतीवरच्या आकड्यांनी जास्त धीर दिला.

"इम्युनिटी वाढवा" म्हणून गुळवेल, काढे, पावडरी घेऊन बरेच जण येतील, प्रेमानंच येतील. पण इथं प्रतिकारशक्तीच भरकटलेली आहे, तिला जोर देऊन काय साधणार? शिवाय मेथोट्रेक्सेट लिव्हरवर भार टाकतं, आणि गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवले होते. काहीही द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून.

आता ज्यासाठी रात्री-अपरात्री गाडी काढायची ते. आवाज नाकातून यायला लागला, पाणी पिताना ठसका लागतोय किंवा पाणी नाकातून येतंय, म्हणजे गिळायचे स्नायू अशक्त झालेत, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. पोटात जोरात दुखतंय, शौचातून रक्त किंवा काळी शी होतेय, म्हणजे आतड्याच्या रक्तवाहिन्यांचं काहीतरी असू शकतं, आणि स्टिरॉइडमुळं पोटाचं दुखणं झाकलंही जातं. धाप लागतेय. आणि या औषधांवर असताना ताप. यातलं काहीही "सकाळी बघू" म्हणून ठेवायचं नाही.

कॅल्शियमच्या खड्यांचा उल्लेख वर आला. आजार बराच काळ धुमसत राहिला तर कोपर, गुडघे, बसायच्या जागी कातडीखाली टणक गाठी होतात, कधी फुटून खडूच्या चुऱ्यासारखं पांढरं बाहेर येतं. सगळ्यांना होत नाही, आणि निदान लवकर होऊन सुरुवातीला जोरात उपचार झाले तर शक्यता कमी होते. आंघोळ घालताना हात फिरवून बघत जा, काही लागलं तर दाबू नका, पुढच्या भेटीत दाखवा.

किती दिवस चालणार, हा प्रश्न मी प्रत्येक भेटीत विचारला. दहातल्या साधारण चार मुलांचा आजार एकदाच येतो आणि दोनेक वर्षांत शांत होतो, बाकीच्यांचा काहींचा जाऊन येऊन करतो, काहींचा धुमसत राहतो आणि औषध लांबतं. आपलं लेकरू कुठल्या गटात हे सुरुवातीला कुणीच सांगू शकत नाही. लक्षणं गेली म्हणजे आजार गेला असं धरत नाहीत, सगळं शांत झाल्यावरही मेथोट्रेक्सेट बराच काळ चालू ठेवतात. याच टप्प्यावर लोक औषध सोडतात, मूल धावतंय, खेळतंय, मग सुई कशाला टोचायची म्हणून. आमच्याही घरात ते बोलणं झालं. तेव्हा मी मॅडमना म्हणलं, नखं परत दाखवा, आणि ह्यांना सोबत नेलं. कमानी बऱ्याच परत आल्या होत्या, पण मधल्या दोन बोटांना अजून मोकळ्या जागा होत्या. ह्यांनी बराच वेळ बघितलं, काही बोलले नाहीत. घरी आल्यावर रविवारचा लाल गोल पुढच्या महिन्याच्या पानावर त्यांनीच केला.

हा आजार बघणाऱ्या डॉक्टरांना पीडियाट्रिक ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात, मुंबई पुण्यात आहेत, छोट्या शहरात फार थोडे. लांब पडलं तरी निदान एकदा तिथं दाखवा, मग रक्ताच्या तपासण्या गावात करून रिपोर्ट मोबाइलवर पाठवता येतात, आमचं तसंच चाललंय. जाताना एक फाइल करा, सगळे रिपोर्ट तारखेनं लावा, चट्ट्यांचे फोटो उजेडात काढून ठेवा, जमिनीवरून उठतानाचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात त्या दिवशी मूल नेमकं बरं असतं, व्हिडिओनं आमचा अर्धा तास वाचला.

स्टिरॉइड बंद होऊन आठ महिने झाले. इंजेक्शन चालू आहे. मागच्या महिन्यात डोकं उचलून धरायचं झालं 1 मिनिट 50 सेकंद, पुढची भेट दिवाळीनंतर आहे आणि तेव्हा एमआरआय परत करायचाय.